घरात टाकी, तरी चुलीवरच भाकर : गॅस-विजेचे दर आणि ग्रामीण भागातलं इंधन-दारिद्र्य

बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्यात, कुठल्याही वस्तीवर गेलं तरी एक चित्र हमखास दिसतं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात लाल टाकी उभी, वर दोन बर्नरची शेगडी. बाहेर पडवीत मात्र चूल पेटलेली आणि तिच्यावर तवा. चहा गॅसवर, पाव्हणे आले तर भाजी गॅसवर. रोजच्या भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवर.

‘चुलीवरच्या भाकरीला चव असते’ हे त्याचं नेहमीचं कारण सांगितलं जातं. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. चव वर्षभर सारखीच असते, गॅसचा वापर मात्र दरानुसार कमी-जास्त होतो. टाकी महागली की चूल जास्त वेळ पेटते, स्वस्त झाली की कमी. घरात इंधनाची सोय आहे, पण ती पुरेशी वापरणं परवडत नाही, या अवस्थेला अभ्यासक इंधन-दारिद्र्य म्हणतात. ते नेमकं काय, दरांशी त्याचा संबंध कसा आणि सरकारी आकड्यांत ते सहसा का दिसत नाही, याची ही माहिती.

इंधन-दारिद्र्य म्हणजे काय?

ही संकल्पना ब्रिटनमधून आली. तिथे प्रश्न स्वयंपाकाचा नव्हता, थंडीत घर उबदार ठेवण्याचा होता. ब्रेंडा बोर्डमन या संशोधिकेने १९९१ साली पुस्तकातून एक सोपी रेषा मांडली : घरात पुरेशी ऊब आणि उजेड राहावा म्हणून उत्पन्नाच्या १० टक्क्यांहून जास्त खर्च करावा लागत असेल, तर ते कुटुंब इंधन-गरीब.

यात ‘करावा लागत असेल’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. कुटुंब प्रत्यक्षात किती खर्च करतं हे इथे मोजत नाहीत. गरज भागवायला किती खर्च लागेल हे मोजतात. कारण गरीब कुटुंब आधी इंधनातच काटकसर करतं. हीटर बंद ठेवून कुडकुडत बसणाऱ्या म्हातारीचं बिल कमी येतं. बिल बघून तिला ‘खर्च कमी, म्हणजे अडचण नाही’ असं म्हणता येत नाही.

मोजपट्टी बदलली की चित्र कसं बदलतं, याचं उदाहरणही तिथलंच आहे. इंग्लंडने पुढे १० टक्क्यांची रेषा सोडून दिली. २०२१ पासून तिथे घर ऊर्जा वाचवणारं आहे की नाही आणि इंधनखर्च वजा जाता कुटुंब गरिबीत जातं का, या दोन गोष्टी एकत्र पाहिल्या जातात. एप्रिल २०२२ मध्ये तिथल्या घरगुती वीज-गॅसच्या दराची कमाल मर्यादा एका झटक्यात ५४ टक्क्यांनी वाढली. तरीही त्या वर्षीचं अधिकृत इंधन-दारिद्र्य १३ टक्क्यांच्या आसपासच राहिलं. लोकांना झळ बसली नाही असा त्याचा अर्थ नव्हे. नवी मोजपट्टी दरवाढ पूर्वीइतकी टिपत नव्हती. स्कॉटलंडने १० टक्क्यांची रेषा सुधारून, पण कायम ठेवली आहे.

आपल्याकडेही असंच काहीसं झालं आहे. आपल्याकडची प्रचलित मोजपट्टी आहे ‘जोडणी’ : किती घरांत गॅस पोचला, किती घरांत मीटर बसलं. जोडणीचा आकडा दर वाढल्याने कमी होत नाही. एकदा दिलेली टाकी घरात राहतेच, मग ती भरलेली असो वा रिकामी.

जोडण्या किती वाढल्या?

पंतप्रधान उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातल्या बलिया इथे सुरू झाली. दारिद्र्यरेषेखालच्या घरातल्या महिलेच्या नावावर अनामत रक्कम न घेता जोडणी, असं तिचं स्वरूप होतं. सुरुवातीचं ५ कोटींचं उद्दिष्ट नंतर ८ कोटींवर नेलं. त्यातली ८ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी आपल्या शेजारी, तेव्हाच्या औरंगाबादेत झालेल्या कार्यक्रमात दिली गेली. ऑगस्ट २०२१ मध्ये योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला. त्यात स्थलांतरित कुटुंबांना पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वयंघोषणापत्र चालेल, अशी सवलत दिली. देशभरातल्या उज्ज्वला जोडण्या आता १० कोटींच्या पुढे गेल्या आहेत.

हे काम मोठं आहे, यात वाद नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणाऱ्या घरांचं प्रमाण २०१५-१६ मध्ये ५९.९ टक्के होतं, ते २०१९-२१ मध्ये ७९.७ टक्के झालं. मात्र ‘मुख्य इंधन कोणतं’ या प्रश्नाला ‘गॅस’ असं उत्तर देणाऱ्या घरातही चूल पेटतच असते. देशपातळीवर २०२० साली झालेल्या एका मोठ्या ऊर्जा पाहणीत ८५ टक्के घरांकडे गॅसजोडणी आढळली. पण लाकूड, गवऱ्या, पिकांचे अवशेष असं इंधन पूर्णपणे किंवा गॅसच्या जोडीला वापरणारी घरं ५४ टक्के होती.

दर कसा चढला, कसा उतरला?

भारत आपल्या गरजेतला निम्म्याहून जास्त स्वयंपाकाचा गॅस आयात करतो. त्यामुळे इथला दर सौदी अरेबियाच्या निर्यात दराशी, डॉलरच्या भावाशी आणि वाहतुकीशी बांधलेला असतो. मधे सरकार अनुदान देऊन किंवा तेल कंपन्यांना तोटा सोसायला लावून तो थोपवतं. जागतिक बाजार आणि सरकारी निर्णय या दोन्हींवर गावातली चूल अवलंबून असते ती अशी.

१४.२ किलोच्या घरगुती टाकीचा मुंबईतला दर नोव्हेंबर २०२० मध्ये ५९४ रुपये होता. त्याआधीच, २०२० च्या उन्हाळ्यापासून, बहुतेक ग्राहकांच्या खात्यात जमा होणारं अनुदान थांबलं होतं. तिथून दर चढत गेला आणि मार्च २०२३ मध्ये ११०२.५० रुपयांवर पोचला. मधल्या काळात, मे २०२२ मध्ये, उज्ज्वला ग्राहकांसाठी टाकीमागे २०० रुपये अनुदान सुरू झालं. ऑगस्ट २०२३ अखेर सर्वांसाठी २०० रुपयांची कपात झाली, ऑक्टोबर २०२३ मध्ये उज्ज्वलाचं अनुदान ३०० रुपये झालं, मार्च २०२४ मध्ये आणखी १०० रुपये कमी झाले आणि एप्रिल २०२५ मध्ये ५० रुपये वाढले. जिल्ह्याच्या ठिकाणी वाहतुकीमुळे मुंबईपेक्षा थोडा फरक पडतो.

नुसत्या रुपयांवरून ओझं कळत नाही, कारण मजुरीही बदलते. रोजगार हमीच्या महाराष्ट्रातल्या त्या त्या वेळच्या दैनिक मजुरीने टाकीचा दर भागला, तर एका टाकीसाठी किती दिवस राबावं लागतं ते कळतं :

– नोव्हेंबर २०२० : टाकी ५९४ रुपये, मजुरी २३८ रुपये. म्हणजे अडीच दिवस.
– मार्च २०२३ : टाकी ११०२.५० रुपये, मजुरी २५६ रुपये. सव्वाचार दिवसांहून थोडं जास्त. उज्ज्वलाचं २०० रुपये अनुदान धरलं तरी साडेतीन दिवस.
– मार्च २०२४ : टाकी ८०२.५० रुपये, मजुरी २७३ रुपये. जवळपास तीन दिवस. उज्ज्वला ग्राहकाला दोन दिवसांहून कमी.
– एप्रिल २०२५ : टाकी ८५२.५० रुपये, मजुरी ३१२ रुपये. पावणेतीन दिवस, उज्ज्वला ग्राहकाला पावणेदोन दिवस.

अडीच वर्षांच्या आत टाकीसाठी लागणारी मजुरी अडीच दिवसांवरून सव्वाचार दिवसांवर गेली. कुटुंब तेच, रान तेच, चूलही तीच. बदलला तो फक्त दर.

रेषेच्या खाली-वर : एक हिशेब

दरामुळे इंधन-दारिद्र्य कसं वाढतं, हे समजायला १० टक्क्यांची रेषा आपल्याकडे लावून पाहता येते. पाच माणसांच्या घराचा सगळा स्वयंपाक फक्त गॅसवर करायचा म्हटलं, तर वर्षाला साधारण आठ टाक्या लागतात.

केंद्र सरकारच्या कौटुंबिक खर्च पाहणीनुसार २०२२-२३ मध्ये ग्रामीण भारतातल्या सर्वांत खालच्या ५ टक्के लोकांचा माणशी मासिक खर्च १,३७३ रुपये होता. पाच जणांच्या घराचा झाला ६,८६५ रुपये. मार्च २०२३ च्या दराने, उज्ज्वलाचं अनुदान वजा करून, आठ टाक्यांचा महिन्याचा खर्च सुमारे ६०० रुपये पडतो. त्यात विजेचं २०० रुपये बिल धरलं तर ८०० रुपये. म्हणजे एकूण खर्चाच्या ११ टक्क्यांहून जास्त. हे कुटुंब रेषेच्या पलीकडे, म्हणजे इंधन-गरीब.

आता पुढचं वर्ष. २०२३-२४ च्या पाहणीत याच गटाचा माणशी खर्च १,६७७ रुपये, म्हणजे घराचा ८,३८५ रुपये झाला. मार्च २०२४ च्या उज्ज्वला दराने आठ टाक्यांचा महिन्याचा खर्च ३३५ रुपये होतो. विजेचे तेच २०० धरले तर ५३५ रुपये. प्रमाण साडेसहा टक्क्यांच्या आत. तेच कुटुंब रेषेच्या अलीकडे आलं. यात उत्पन्नवाढीचा वाटा आहे, पण मोठा वाटा टाकीच्या दराचा आहे. मार्च २०२४ मध्येही टाकी ९०२ रुपयांनाच पडली असती, तर हे प्रमाण साडेनऊ टक्क्यांवर, म्हणजे रेषेला टेकलेलंच राहिलं असतं.

हा देशपातळीच्या सरासरीवरचा नमुन्याचा हिशेब आहे, एखाद्या गावाचा सर्व्हे नव्हे. पण काठावरची घरं दरातल्या दोन-तीनशे रुपयांच्या फरकाने इकडची तिकडे कशी होतात, ते त्यातून दिसतं.

आणि याच ठिकाणी खरा प्रश्न लपतो. हे कुटुंब महाग वर्षात आठ टाक्या घेतच नाही. तीन घेतं, बाकी चुलीवर भागवतं. मग त्याचा प्रत्यक्ष इंधनखर्च सहा टक्क्यांच्या आसपास दिसतो आणि कागदावर ते इंधन-गरीब ठरत नाही. जोडणी आहे, खर्चही बेताचा आहे, सगळं ठीक. भरपाई मात्र घरातली बाई करते : सरपण गोळा करून आणि धूर गिळून.

टाकी किती वेळा भरली जाते?

म्हणून दराचा परिणाम पाहायचा तर जोडण्या नव्हे, भरलेल्या टाक्या मोजाव्या लागतात. भारताच्या महालेखापरीक्षकांनी २०१९ च्या अहवालात नेमकं हेच निदर्शनास आणलं होतं : डिसेंबर २०१८ अखेर उज्ज्वला ग्राहक वर्षाला सरासरी ३.२१ टाक्याच घेत होते. त्यामागे दराबरोबर आणखी एक कारण होतं. शेगडी आणि पहिल्या टाकीची रक्कम अनेकांना कर्जरूपाने मिळाली होती आणि ती नंतरच्या अनुदानातून वळती होत होती. म्हणजे ज्या महिन्यात अनुदानाची सर्वांत जास्त गरज, त्याच महिन्यांत ते हाती पडत नव्हतं. एप्रिल २०१८ पासून ही वसुली पुढच्या सहा टाक्यांपुरती लांबवावी लागली.

केंद्र सरकारच्याच आकडेवारीनुसार ही सरासरी २०१९-२० मध्ये ३.०१ होती, २०२१-२२ मध्ये ३.६८ झाली आणि ३०० रुपयांचं अनुदान स्थिरावल्यावर २०२४-२५ मध्ये ४.४७ पर्यंत गेली. उज्ज्वलाबाहेरची घरं साधारण सहा ते सात टाक्या वापरतात. दर परवडला की गरीब घरही गॅस जास्त वापरतं, ही यातली चांगली बाजू. चारेक टाक्यांत मात्र पाच माणसांच्या घराचा निम्माच स्वयंपाक होतो, ही दुसरी.

आधी रोख, मग अनुदान

एप्रिल २०२५ च्या दराने उज्ज्वलाची टाकी साडेपाचशेला पडते असं म्हटलं जायचं, पण दारात ती साडेआठशेलाच घ्यावी लागत होती. २०१५ पासून अनुदान थेट बँक खात्यात येतं. पूर्ण रक्कम आधी मोजायची, अनुदान नंतर जमा. ज्यांच्या हातात आठवड्याच्या बाजाराला पैसे येतात आणि बाजारातच संपतात, त्यांच्यासाठी नंतर येणारं अनुदान आणि आज खिशातून जाणारी पूर्ण रक्कम हा एकच हिशेब नसतो. खातं आधारशी जोडलेलं नसलं, ई-केवायसी राहिली असली किंवा अनुदान भलत्याच जुन्या खात्यात जात असलं, तर सवलतीचा दर त्या घरापर्यंत पोचतच नाही.

त्यात वस्तीचं अंतर. गॅसची गाडी मोठ्या गावात येते. तांड्यावर, वाडीवर येतेच असं नाही. मग नंबर लागला की मोटारसायकलच्या मागे रिकामी टाकी बांधून तालुक्याला जायचं. पेट्रोल आणि बुडालेला अर्धा दिवस टाकीच्या पावतीवर येत नाही. लाकडाच्या बाबतीत असं नसतं. ते रोज थोडं थोडं आणता येतं, एकरकमी पैसा लागत नाही. गरीब घराला चूल सोयीची वाटते ती यामुळे.

फुकटचं जळण किती फुकट?

गेवराई, माजलगाव पट्ट्यात कापूस निघाला की पऱ्हाट्या उपटून बांधावर रचल्या जातात. तुरीचं खळं झालं की तुराट्या. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात वेडी बाभूळ आणि काटक्या. हे पैसे न देता मिळतं. त्यामुळे माघ-फाल्गुनापासून गॅसचा वापर घटतो आणि पावसाळ्यात, जळण ओलं झालं की, टाकीची आठवण होते. आजारपण, बाळंतपण, घरातलं कार्य या वेळीही गॅसच धावून येतो.

या जळणाचं माप टाकीशी लावून पाहता येतं. १४.२ किलो गॅसमध्ये साधारण ६५० मेगाज्यूल उष्णता असते आणि शेगडीवर त्यातली सुमारे ६० टक्के भांड्याला मिळते. किलोभर सुक्या लाकडात साधारण १६ मेगाज्यूल असतात, पण साध्या चुलीत त्यातले जेमतेम १० ते १५ टक्केच कामी येतात. बाकी उष्णता धुरावाटे आणि आजूबाजूला जाते. म्हणजे एका टाकीचं काम करायला साधारण दोनशे किलो सुकं लाकूड लागतं. वर्षाकाठी चार टाक्या कमी घेतल्या, तर आठशे किलो जळण कुणीतरी तोडायचं, डोक्यावर आणायचं, वाळवायचं आणि पावसापासून झाकायचं. वीस-वीस किलोचे भारे धरले तर चाळीस खेपा. हे काम बहुतेक घरांत बाया आणि पोरीच करतात.

धुराचा हिशेब वेगळाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातल्या इंधनाच्या धुरामुळे जगभरात ३२ लाख मृत्यू झाले. चुलीशेजारी तासन्‌तास बसणारी बाई आणि तिच्या मांडीवरचं मूल यांना त्याचा धोका सर्वांत जास्त असतो. न्यूमोनिया, दमा, फुप्फुसांचे जुनाट आजार, हृदयविकार ही त्याची रूपं. टाकी परवडली नाही म्हणून वाचलेले पैसे पुढे दवाखान्यात जाऊ शकतात.

पूर्वी या दोन्हींच्या मधे रॉकेल होतं. २०१६ पासून रेशनच्या रॉकेलचा दर टप्प्याटप्प्याने वाढवत नेला आणि २०२० पर्यंत त्यावरचं अनुदान संपलं. गॅस नाही तर स्टोव्ह, ही मधली पायरी त्यामुळे उरली नाही. आता गॅस नाही तर थेट चूल.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचं काय?

धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, केज या तालुक्यांतून दिवाळीच्या आगेमागे हजारो कोयते पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांवर जातात. पाच-सहा महिने मुक्काम कोपीत. गावातल्या घराला कुलूप, टाकी आत. कोपीसमोर तीन दगडांची चूल आणि जळणाला पाचट, काटक्या. पहाटे फडावर जायच्या आधी भाकरी थापायच्या त्या त्याच चुलीवर.

या घरांच्या वर्षभराच्या टाक्या दोन-तीनच भरतात. त्याला फक्त दर कारणीभूत नाही. अनुदानाची टाकी एजन्सीला बांधलेली असते आणि मजूर फिरता असतो. पाच किलोची छोटी टाकी बिनापत्त्याची, नुसत्या ओळखपत्रावर मिळते खरी, पण ती घरगुती दराने नव्हे, व्यापारी दराच्या हिशेबाने पडते. उज्ज्वला ग्राहकाला मात्र मोठ्या टाकीऐवजी पाच किलोची अनुदानित टाकी घेता येते आणि तिच्यावर वजनाच्या प्रमाणात अनुदानही मिळतं. हातात एका वेळी थोडेच पैसे असणाऱ्यांना ही सोय उपयोगी आहे. जाण्याआधी आपल्या एजन्सीत त्याची चौकशी करून ठेवणं हिताचं.

विजेचं बिल : कमी वापर, तरी ओझं

इंधन-दारिद्र्यात वीजही येते. महावितरणची घरगुती दररचना टप्प्यांची आहे : पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० युनिटचा दर त्याच्या जवळपास दुप्पट, त्यापुढे आणखी जास्त. वाढीव दर फक्त १०० च्या वरच्या युनिटना लागतो. दोन-तीन दिवे, पंखा, टीव्ही असलेलं घर सहसा पहिल्याच टप्प्यात राहतं.

पण बिलात युनिटशिवायही रक्कम असते. एकही युनिट न जाळता लागणारा स्थिर आकार सव्वाशे रुपयांच्या घरात आहे, त्यावर वहन आकार आणि १६ टक्के वीजशुल्क. त्यामुळे जितका वापर कमी, तितकं प्रत्येक युनिट प्रत्यक्षात महाग पडतं. चाळीस युनिट वापरणाऱ्या घराच्या बिलात स्थिर आकाराचा वाटा मोठा असतो. दारिद्र्यरेषेखालच्या, महिन्याला ३० युनिटपर्यंत वापर असलेल्या ग्राहकांसाठी स्वतंत्र स्वस्त वर्ग आहे; वर्षाचा वापर ३६० युनिटच्या वर गेला की ग्राहक त्या वर्गातून बाहेर जातो. बिल थकलं तरी थेट तार कापता येत नाही. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार आधी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते.

गॅस महाग तर विजेच्या शेगडीवर स्वयंपाक का नाही, असंही विचारलं जातं. एका टाकीइतकं काम करायला इंडक्शन शेगडीला सव्वाशेच्या आसपास युनिट लागतात. साठ युनिट वापरणारं घर एका महिन्यात एवढी वीज जास्त वापरू लागलं, तर त्यातले ऐंशीहून जास्त युनिट दुसऱ्या, महागड्या टप्प्यात जातात आणि वाढीव बिल हजाराच्या वर जातं. म्हणजे टाकीपेक्षा महाग. शिवाय संध्याकाळी, स्वयंपाकाच्या वेळीच वीज जाते त्या गावांत ही शेगडी भरवशाची नाही. छतावर सौर पॅनल बसवलं तर गणित बदलतं. पंतप्रधान सूर्यघर योजनेत १ किलोवॉटला ३० हजार रुपये केंद्राचं अनुदान आहे. पण त्यासाठी स्वतःचं पक्कं छत आणि उरलेली रक्कम लागते. ज्यांना इंधनाची सर्वांत जास्त चणचण, त्यांच्याकडे बहुधा पत्र्याचं घर असतं.

अन्नपूर्णा योजनेने किती फरक पडतो?

राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेचा शासन निर्णय काढला. उज्ज्वला लाभार्थी आणि लाडकी बहीण योजनेसाठी पात्र कुटुंबांना वर्षाला तीन टाक्या मोफत, अशी ही योजना. उज्ज्वला ग्राहकाला केंद्राच्या ३०० रुपयांवर राज्याचे ५३० रुपये, तर लाडकी बहीण गटाला टाकीमागे ८३० रुपये खात्यात जमा होणार, असं ठरलं. गॅसजोडणी महिलेच्या नावावर असणं बंधनकारक आहे आणि एका महिन्यात एकाच टाकीवर हा लाभ मिळतो.

हिशेब असा : आठ टाक्या लागणाऱ्या उज्ज्वला कुटुंबाला साडेपाचशेच्या दराने वर्षाला साधारण ४,४०० रुपये लागतात. तीन टाक्यांचा भार गेला तर पावणेतीन हजारांच्या आसपास. फरक मोठा आहे. त्यासाठी दोन अटी मात्र महत्त्वाच्या ठरतात : पैसे वेळेवर जमा होणं आणि केंद्राचं अनुदान टिकणं. ते दरवर्षीच्या मंजुरीवर चालतं. २०२५-२६ साठी केंद्राने ३०० रुपये कायम ठेवले, पण अनुदानित टाक्यांची संख्या वर्षाला १२ वरून ९ केली.

लाभार्थ्यांनी तपासून घ्यायच्या गोष्टी थोडक्यात : जोडणी कुणाच्या नावावर आहे, बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का, गॅस एजन्सीत ई-केवायसी झाली आहे का, टाकी घेतल्यावर पावती घेतली का आणि अनुदान कोणत्या खात्यात जमा होतं. उज्ज्वला योजनेची मोफत हेल्पलाइन १८००-२६६-६६९६ आणि वीजबिलाच्या तक्रारीसाठी १९१२ हे क्रमांक आहेत.

गावपातळीवर मोजायचं काय?

ग्रामपंचायतीच्या अहवालात ‘गाव धूरमुक्त, गॅसजोडणी शंभर टक्के’ असं एक वाक्य असतं. दर वाढो वा कमी होवो, ते वाक्य बदलत नाही. त्याऐवजी तीन साधे प्रश्न विचारले तर गावातलं इंधन-दारिद्र्य दिसू लागेल. मागच्या बारा महिन्यांत घरात किती टाक्या भरल्या? घरात माणसं किती? आणि आंघोळीचं पाणी व भाकरी कशावर होतात? आशाताई, अंगणवाडी सेविका, बचतगट यांच्या नेहमीच्या भेटींत ही नोंद सहज होऊ शकते. ज्या घरात पाच माणसांमागे वर्षाला चारहून कमी टाक्या भरल्या जातात, ते घर कागदावर काहीही असलं तरी इंधनाच्या बाबतीत गरीब आहे.

ही नोंद हाती असेल तर पुढचं काम नेमकं होतं. कुणाची ई-केवायसी अडली, कुणाला पाच किलोची टाकी हवी, कुठल्या वस्तीवर गाडी येत नाही, कुठलं कुटुंब तोडीला गेल्यामुळे टाकी पडून आहे, हे घरागणिक कळेल. दर दिल्लीत आणि मुंबईत ठरतात. पण गेल्या वर्षात गावात कुणाची टाकी किती वेळा भरली, हे शोधायला तालुक्याच्या बाहेर जावं लागत नाही.